राजम्याची बरणी

हात आपलाच आहे हे रागिणीला कळलं ते झाकण फिरवून झाल्यावर. पारदर्शक प्लॅस्टिकच्या त्या बरणीचं लाल झाकण मुद्दाम आवळून बसवलेलं होतं. त्याला मनगटातून जोर द्यावा लागला, कर्र असा आवाज झाला, आणि तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की आपण खुर्चीतून निम्म्या उठलो आहोत, मांडीवरचा फॉर्म फरशीवर पडला आहे आणि समोर बसलेल्या सात वर्षांच्या ध्रुवच्या हातात आपण उघडी बरणी दिलेली आहे. ध्रुवनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं बरणी वाडग्यात उपडी केली. राजम्याचे दाणे सडसडत खाली आले आणि तो वाकून, कान वाडग्यापाशी नेऊन तो आवाज ऐकत राहिला. मग वाडग्यातून बरणीत, पुन्हा बरणीतून वाडग्यात. चेहऱ्यावर इतकं निखळ सुख, की बघणाऱ्याला आपण काही पुण्यकर्म केलं असं वाटावं. रागिणीलाही क्षणभर तसंच वाटलं. मग तिनं ज्ञानदाकडे पाहिलं. ज्ञानदा या खोलीची, म्हणजे शाळेतल्या खास मुलांसाठीच्या रिसोर्स रूमची शिक्षिका. तिचाच तास बघायला रागिणी मागच्या खुर्चीत येऊन बसली होती. ज्ञानदानं मान खिडकीकडे वळवली आणि थोडा वेळ तिकडेच ठेवली.

निरीक्षकानं तास चालू असताना बोलायचं नाही, उठायचं नाही, मुलांशी कसलाही संबंध ठेवायचा नाही, हा नियम शाळेच्या पुस्तिकेत रागिणीनंच लिहिला होता. ॲकॅडमिक को-ऑर्डिनेटर झाल्यावर पहिल्याच वर्षी, मोठ्या उत्साहानं. गणिताच्या तासाला ती भिंतीतल्या खुंटीसारखी बसायची. एखादा मास्तर फळ्यावर वजाऐवजी अधिक लिहून गेला तरी तिच्या पापणीला धक्का लागत नसे. वर्षानुवर्षं तिनं असे कितीतरी तास बघितले होते आणि तासाच्या शेवटी शिक्षकाचा घाम पुसून होईपर्यंत तिचा फॉर्म भरून तयार असे. मग आजच हे काय झालं? फरशीवरचा फॉर्म उचलताना तिला आपल्या कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटल्या. त्या फॉर्ममध्ये ‘वेळेचा वापर’ असा एक रकाना होता, ‘विद्यार्थ्यांचा सहभाग’ असा एक होता, ‘फळ्याचा उपयोग’ असाही एक होता. या खोलीत फळाच नव्हता. तासाच्या टाचणात ज्ञानदानं उद्दिष्ट म्हणून एकच ओळ लिहिली होती: ध्रुव मदत मागेल. रागिणीला वाटलं होतं गोष्ट असेल, चित्रं असतील, एखादं गाणं तरी असेल. ज्ञानदानं बरणी त्याच्यासमोर ठेवली, भुवया उंचावून त्याच्याकडे बघितलं आणि हात मांडीवर घेऊन ती बसून राहिली. बस. एवढाच तास. ध्रुवनं बरणी ढकलली, उलटी केली, झाकण चाटून बघितलं, टेबलावर बरणी आपटली. मग नाद सोडून पंख्याकडे बघत बसला. पुन्हा बरणीकडे वळला. घशातून ‘अं’ असा एक आवाज आला, तशी ज्ञानदा किंचित पुढे झुकली, पण आवाज तिथेच विरला. आणि मग ती शांतता वाढत गेली. ती वाढत गेली तसे रागिणीचे हात शिवशिवायला लागले.

शांततेशी तिचं कधी पटलंच नव्हतं. वर्गात शांतता म्हणजे मास्तर विसरला, हे ती लहानपणी मिरजेच्या शाळेतच शिकली होती. पुढे स्वतः शिक्षिका झाल्यावर तर तिनं शांततेला वर्गात पाऊलच टाकू दिलं नाही. तिच्या पहिल्याच तपासणीची गोष्ट. लग्न होऊन ती चंदीगडला आली होती, हिंदी अजून मिरजेचीच होती, आणि बाहेरून तपासणीला दोन साहेब यायचे होते. तेव्हा स्टाफरूममधल्या एका जुन्या बाईंनी तिला युक्ती शिकवली. प्रश्न विचारला की सगळ्या वर्गानं हात वर करायचा. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. साहेबांना दिसतं हातांचं रान, आणि बाईंना नेमकं कळतं कुणाला उठवायचं ते. रागिणीनं मुलांकडून आठवडाभर तालीम करून घेतली. साहेब खूश झाले, ‘उत्कृष्ट’ मिळालं, आणि संध्याकाळी तिनं नवऱ्याला, मोहनला, सेक्टर ३९ मधल्या त्याच्या संस्थेच्या फाटकातूनच उचलून थेट गोलगप्पे खायला नेलं. पुढे कित्येक तपासण्या झाल्या, युक्त्या सुधारत गेल्या, आणि त्यातल्या सगळ्या पाठ असल्यामुळेच आज ती दुसऱ्यांच्या तासांना मागच्या खुर्चीत बसत होती. चोरांच्या वाटा ठाऊक असलेल्या माणसालाच पहाऱ्यावर बसवावं तसं. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं, आजही वाटलं नाही. नवल एवढंच वाटलं की ज्ञानदानं तिला फसवायचा जरासाही प्रयत्न केला नव्हता. काल जमलेलं काहीतरी तिनं आज पुन्हा करून दाखवलं असतं, तर कुणाचं काय बिघडलं असतं?

ध्रुवला मदतनीस ताई घेऊन गेल्या, तशी ज्ञानदा टेबलाखाली वाकून सांडलेले दाणे वेचायला लागली. इतरांसमोर ती रागिणीला ‘मॅम’ म्हणायची. दोघीच असल्या की मराठीत यायची, आणि मराठीत आली की अकोल्याला पोचायची.

“ताई, तुम्ही उघडून दिली बरणी,” ती टेबलाखालूनच म्हणाली.

“अगं, किती वेळ बसला होता बिचारा. बघवेना मला.”

“हो नं. मलाही नाही बघवत.” ती वर आली. तिचा चेहरा लाल झाला होता, वाकल्यामुळे की आणखी कशामुळे ते कळायला मार्ग नव्हता. “परवापासून तो माझ्या तोंडाकडे बघून राहिला होता. बरणीकडे बघे, मग माझ्याकडे. म्हणजे समजून राहिलं होतं त्याला, की ही उघडते. आज नाहीतर उद्या हात लावला असता त्यानं मला. नुसता हात लावला असता तरी मी उघडली असती. शब्दच पाहिजे असं नाही माझं. पण त्याच्याकडून आलं पाहिजे.”

“मग माझ्यामुळे...”

“आता त्याला समजलं की बसून राहिलं तरी कोणीतरी उघडते.” ज्ञानदानं बरणीचं झाकण पुन्हा लावलं, आणि चांगलं दात-ओठ खाऊन लावलं. “मी काही चिडून नाही राहिली तुमच्यावर. घरी पण त्याचं सगळं असंच होते.”

ती चिडली होती, आणि रागिणीला ते रास्तच वाटलं. ज्ञानदाची नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. वर्षभराची मुदत मार्चअखेर संपत होती आणि निरीक्षणाचे दोन तास बघून तिला ठेवायचं की नाही ते ठरणार होतं. नवरा अंशुमन मोहालीत कसल्याशा कंपनीत होता, म्हणजे चूल अडणार नव्हती. पण ज्ञानदा चुलीसाठी इथे येत नव्हती, हे त्या झाकणाकडे बघूनही समजलं असतं.

प्रिन्सिपल गिल मॅडमच्या केबिनमध्ये भिंतीवर मोठा पडदा होता आणि त्यावर शाळेतल्या सगळ्या वर्गांची चौकोनी चित्रं मूकपणे हलत असायची. आवाज नसलेले कॅमेरे. मुलं तोंडं उघडायची-मिटायची, शिक्षक हातवारे करायचे, एका चौकोनात पीटीचे सर शिट्टी फुंकायचे आणि तीही ऐकू यायची नाही. गिल मॅडम मनानं मोठ्या, अंगानंही मोठ्या, पतियाळाच्या. मुलांना दिसेल तिथे कवेत घेणाऱ्या. शाळेत खास मुलांसाठी खोली हवी म्हणून विश्वस्तांशी त्याच भांडल्या होत्या. त्यांनी रागिणीपुढे चहा सरकवला.

“रागिणी जी, मैंने पूरा पीरियड देखा. सच कहूँ? कमरे में तो कुछ हुआ ही नहीं. कुड़ी बैठी है, बच्चा बैठा है. बस, बैठे ही हैं.”

“मॅडम, वो वेट कर रही थी. तरीका है वो.”

“अच्छा जी? तो सबसे अच्छा मोमेंट तो आपका था!” गिल मॅडम मनापासून हसल्या. “आप उठीं, डब्बा खोला, और बच्चा कैसा खिल गया. मैंने अपने पीए को बुला के दिखाया, देख, इसे कहते हैं टीचर.”

रागिणीनं कप खाली ठेवला. “मॅडम, वो मेरी गलती थी. मुझे नहीं खोलना चाहिए था.”

“ओह, छोड़ो जी. गलती!” त्यांनी हात असा झटकला की त्यांचं स्टीलचं कडं मनगटावरून कोपरापर्यंत घसरून परत आलं. “देखो, मुझे पता है ज्ञानदा आपके उधर की है. अच्छी लड़की है. पर आपको भी सोचना पड़ेगा, लोग क्या कहेंगे. दूसरे राउंड में मैं खुद बैठूँगी. उस दिन कुछ दिखना चाहिए. नहीं दिखा तो मार्च के बाद किसी और को देखते हैं. पक्का?”

‘आपके उधर की.’ मिरज आणि अकोला यांच्यात किती अंतर आहे हे गिल मॅडमना सांगण्यात अर्थ नव्हता. खरी गोष्ट अशी की महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झाल्यापासून रागिणी ज्ञानदाशी शाळेत जरा अंतर ठेवूनच वागत आली होती, इतरांना हसून जे माफ करायची ते तिला करत नव्हती. आपलं माणूस म्हणून सूट दिली असं कुणी म्हणायला नको. आजच्या फॉर्मवरही तिनं ‘वेळेचा वापर’ या रकान्यात चारांपैकी दोनच गुण लिहिले होते, आणि ते लिहिताना आपण निःपक्षपाती आहोत असं थोडं समाधानही वाटून घेतलं होतं. केबिनमधून बाहेर येता येता तिची नजर पडद्याकडे गेली. रिसोर्स रूमच्या चौकोनात ज्ञानदा एकटीच बसली होती. वरून, आवाजाशिवाय बघितलं तर खरंच ती नुसती बसलेलीच दिसत होती.

फाटकाशी ध्रुवची आई भेटली. ती सेक्टर ३२ च्या सरकारी हॉस्पिटलात नर्स होती, ड्यूटीवरून थेट यायची, पर्सच्या पट्ट्यात अडकवलेलं ओळखपत्र काढायचंही राहून गेलेलं असायचं. बोलता बोलता तिचे हात चालूच होते. ध्रुवच्या स्वेटरचं बटण लागलं, नाक पुसलं गेलं, बाटलीचं बूच उघडून बाटली त्याच्या ओठांना लागली, आणि तो एखाद्या संस्थानिकासारखा उभा राहून सगळं करवून घेत होता. रागिणीनं उगाचच विचारलं, कसा आहे? ती म्हणाली, “अच्छा है मैम. बस एक चीज़ सिखा दो इसे. पानी माँगना. मेरी नाइट होती है, इसके पापा सो जाते हैं, और ये प्यासा पड़ा रहता है. रोता भी नहीं. सुबह आके देखती हूँ, होंठ सूखे हुए.” हे तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं, रुग्णाचा ताप सांगावा तसं. मग ध्रुवचा हात धरून ती सेक्टर ४३ च्या बसकडे भरभर निघून गेली. रागिणी फाटकाशी तशीच उभी राहिली. तिला रडू आलं नाही, पण येऊन गेलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

घरी पोचेपर्यंत उन्हं कलली होती. फेब्रुवारीतली ती उन्हं, जी अंगावर घेत लोक इथल्या हिरवळींवर संत्री सोलत बसतात. रागिणीनं गाडी लावली आणि वर न जाता जिन्यापाशीच थांबली. बरणी उघडून दिली म्हणजे काय केलं? एक मूल तहानलेलं आहे, आणि आपण त्याला पाणी दिलं. असंच ना ते? यात चूक शोधायची म्हणजे जरा अतीच. पण हा युक्तिवाद पूर्ण होत नव्हता, मध्येच कुठेतरी त्याची शिवण उसवत होती. पाणी आपण दिलं, पण आपण रोज रात्री तिथे असणार का? वर तिची लेक, पूर्वी, अभ्यासाला बसली होती. सतरा वर्षांची ही मुलगी मराठी सगळं समजायची आणि उत्तर मात्र हिंदीत द्यायची. मंडळातल्या बायका त्यावरून रागिणीला हटकून टोमणे मारायच्या. दार उघडता उघडता रागिणीला आठवलं ते तिचं लहानपण: ‘आई, मला ते... ते...’ म्हणत उभी असलेली एवढीशी पूर्वी, आणि पोळी लाटता लाटता, मागे वळूनही न बघता शब्द पुरवणारी आपण. ‘चमचा? चमचा हवाय? घे.’ नुसता शब्दच नव्हे, चमचाही. किती सोयीचं होतं ते दोघींनाही. आणि मग तो ‘ते, ते’ म्हणायचा थांबा कधी संपला, आणि त्या जागी ‘मम्मी, चम्मच’ कधी आलं, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. एवढं सगळं मनात घोळवून झाल्यावर तिनं पूर्वीला विचारलं,

“पूर्वी, तू मराठी का नाही गं बोलत? मी तुला बोलू दिलं नाही का?”

पूर्वीनं इअरफोन काढला. “क्या? नहीं यार मम्मी. सब फ्रेंड्स हिंदी बोलते हैं, इसलिए. आप ठीक हो ना?”

रागिणीला हसू आलं. आयुष्यभराचं दुःख एका ‘यार’मध्ये निकालात निघालं. पण ते पुरतं निघालंही नाही. जेवताना मोहननं सवयीनं ताटातलं लोणचं शोधत हात जरा फिरवला, तशी बरणी त्याच्याकडे सरकवायला तिचा हात उठलाच होता. तिनं तो ओढून मांडीवर ठेवला आणि बघत राहिली. मोहननं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि लोणच्याशिवायच जेवून उठला. बेसिनशी हात धुताना एवढंच म्हणाला, “लोणचं संपलं का?” सव्वीस वर्षांच्या संसारात त्यानं कधी काही मागितलेलं तिला आठवेना. एवढी वर्षं तिला तो समजूतदारपणा वाटत आला होता. त्या रात्री तिनं ज्ञानदाचा फॉर्म पुन्हा काढला, दोनाचा आकडा खोडून चार लिहायला पेन टेकवलं, आणि तसंच उचललं. आकड्यानं काही होणार नव्हतं. गिल मॅडमना दिसायला हवं होतं, आणि दिसण्यासारखं जे घडत होतं ते आवाज नसलेल्या चौकोनात मावणारं नव्हतं.

दुसऱ्या निरीक्षणाच्या आधी ती एकदा ज्ञानदाकडे गेली आणि जे मनात आलं ते सरळ बोलली. “ज्ञानदा, त्या दिवशी काहीतरी दिसायला हवंय मॅडमना. त्याला एखादी जमलेली गोष्ट दे ना. कोडं जुळवतो तो, रंग ओळखतो. तेच घे. बरणी नंतर करत बस.”

“म्हणजे उजवा हात-डावा हात,” ज्ञानदा म्हणाली. ती युक्ती रागिणीनंच तिला मागे कधीतरी हसत हसत सांगितली होती. ज्ञानदाच्या बोलण्यात टोचणी नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. “मला समजते ताई. पण बघा नं, ध्रुवला परके माणसं आले की कसं होते. रोजचं बदललं की तो बिथरते. मी त्या दिवशी कोडं काढलं तर तो बरणीच शोधत बसेल. आणि खरं सांगू का? तुम्ही उघडून दिल्यापासून तो मधल्या सुट्टीत तुमच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहते. रिकाम्या खुर्चीपाशी. आता त्याला वाटून राहिलं की ती खुर्ची उघडते.”

“मग काय करायचं?”

“काही नाही करायचं.” ज्ञानदा हसली. तेवढं एकदाच हसली. “तेच तर अवघड आहे.”

गिल मॅडम आल्या त्या दिवशी खोलीत त्यांच्या अत्तराचा वास भरून राहिला. त्यांच्यासाठी ऑफिसातली गादीची खुर्ची आणून रागिणीच्या शेजारी मांडली होती. ध्रुव दारातच थबकला. त्यानं कानांवर हात ठेवले, भिंतीला घासत घासत खोलीला एक फेरी मारली, आणि मग आपल्या जागी येऊन बसला. ज्ञानदानं बरणी ठेवली, भुवया उंचावल्या, हात मांडीवर घेतले. शांतता सुरू झाली. रागिणीनं दोन्ही हातांचे तळवे मांड्यांखाली दाबून ठेवले, शाळेत चुळबुळ करणाऱ्या पोरांना बसवतात तसे. बाहेर माळी वाळकी पानं ओढत होता, त्याच्या खराट्याचा आवाज जवळ यायचा, लांब जायचा. ध्रुवनं बरणी गालाला लावली. फिरवून बघितली. गिल मॅडम कुजबुजल्या, “शुरू कब होगा?” रागिणी म्हणाली, “हो गया, मॅडम.” वेळ जात राहिला. रागिणीच्या मनात राहून राहून एकच येत होतं, की आज त्यानं मागितलं नाही तर ही मुलगी जाईल, हिच्या जागी गाणी म्हणणारी कुणीतरी येईल, आणि सगळ्या चौकोनांत सगळं छान हलताना दिसेल. तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा ध्रुव बरणी पोटाशी धरून उभा होता आणि त्यांच्याच दिशेनं येत होता.

तो रागिणीपाशी आला. पण तिच्या शेजारची खुर्ची जास्त मोठी होती, जास्त चमकत होती; तो जरा घुटमळला आणि गिल मॅडमसमोर जाऊन उभा राहिला. काही बोलला नाही. त्यांच्याकडे बघतही नव्हता. नुसता उभा राहिला. गिल मॅडमचा चेहरा लोण्यासारखा विरघळला. “हाय, मेरा पुत्त! खोल दूँ?” म्हणत त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आणि रागिणीनं त्यांचं मनगट धरलं.

“रुकिए.”

हे ती केवढ्यांदा बोलली ते तिला ज्ञानदाच्या चेहऱ्यावरून कळलं. बोटांखाली स्टीलचं कडं गार लागत होतं. इतक्या वर्षांत तिनं गिल मॅडमपुढे उलट शब्द काढला नव्हता, आणि आता तिनं त्यांचा हातच धरून ठेवला होता, आणि सोडत नव्हती. गिल मॅडमनी आधी हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्या नजरेत रागापेक्षा आश्चर्य होतं, पण राग काही फार लांब नव्हता. कुणीच हललं नाही. ध्रुवला मात्र हे सगळं रंजक वाटलं असावं. एका हातानं धरलेला दुसरा हात तो बारकाईनं बघत होता, मान वाकडी करून. मग तो वळला. बरणी घेऊन ज्ञानदाकडे गेला, तिच्या मांडीवरचा उजवा हात दोन्ही हातांनी उचलला, एखादी जड वस्तू उचलावी तसा, आणि आणून झाकणावर ठेवला.

“खोलो!” ज्ञानदा त्याच्या वतीनं म्हणाली, आणि त्याच क्षणी झाकण फिरलं. “हाँ ध्रुव, खोलो.” तिनं त्याच्या वाडग्यात मूठभर दाणे ओतले आणि झाकण पुन्हा गच्च लावून टाकलं.

“पर बोला तो नहीं,” गिल मॅडम हळूच म्हणाल्या.

“माँगा, मॅडम,” रागिणी म्हणाली. “उसने माँगा.” आणि आता कुठे तिनं त्यांचं मनगट सोडलं. तिथे लाल वळ उठला होता. गिल मॅडमनी तो दुसऱ्या हातानं चोळला. ध्रुव मूठभर दाणे संपेपर्यंत ओतत राहिला, मग पुन्हा बरणी, पुन्हा ज्ञानदाचा हात. आता त्याला उचलायला कमी वेळ लागला. तिसऱ्या खेपेला तो ज्ञानदाकडे गेलाच नाही. सरळ गादीच्या खुर्चीपाशी आला, तो वळ उठलेला हात उचलून झाकणावर ठेवला, आणि या वेळी वर, गिल मॅडमच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. गिल मॅडमचा हात झाकणावर होता पण त्यांनी तो फिरवला नाही. त्या रागिणीकडे वळल्या आणि त्यांनी, शाळेतल्या प्रत्येक कागदावर ज्यांची सही चालते त्या बाईंनी, विचारलं, “अब? अब खोलूँ?”

उत्तर रागिणीच्या जिभेवर होतं. पण वर्ग तिचा नव्हता. तिनं ज्ञानदाकडे पाहिलं.

“खोलिए मॅम,” ज्ञानदा म्हणाली. “लेकिन थोड़ा ही दीजिए. और फिर बंद कर दीजिए. टाइट.”

गिल मॅडमनी मूठभर दाणे वाडग्यात टाकले आणि ओठ आवळून झाकण लावलं. पुन्हा उघडून द्यावं लागलं, पुन्हा लावावं लागलं. घंटा झाली तेव्हा त्यांच्या कपाळावर बारीक घाम आला होता. त्या उठल्या, ओढणी सारखी केली. रागिणीशी काहीच बोलल्या नाहीत. फॉर्म मागितला नाही, तिच्याकडे बघितलंही नाही, आणि हे आपल्याला पुढे केव्हातरी भोवणार आहे हे रागिणीला स्वच्छ दिसलं. पण दारापाशी त्या थांबल्या आणि ज्ञानदाकडे वळून म्हणाल्या, “सुनो, अगले साल इसका पीरियड सुबह का रखना. दोपहर तक ये बच्चे थक जाते हैं.” आणि गेल्या. त्यांच्या पायांचा आवाज व्हरांड्यात लांबपर्यंत ऐकू येत राहिला.

ज्ञानदानं मान डोलावली होती, ती कुणीही, कसल्याही सूचनेला डोलावेल तशी. ध्रुवला मदतनीस ताईंच्या हाती देऊन ती गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखालचे दाणे वेचायला लागली. तिच्या काहीच लक्षात आलेलं नव्हतं. अगं वेडे, काय म्हणाल्या त्या, ऐकलंस का, असं रागिणीला ओरडून सांगावंसं वाटत होतं. आनंद तिच्या छातीत मावत नव्हता, आणि शब्द अगदी ओठांवर येऊन बसले होते. तिनं तळवे पुन्हा मांड्यांखाली सरकवले. ज्ञानदा एक एक दाणा उचलून ओंजळीत टाकत होती. कपाटाखाली हात घालून तिनं आणखी दोन काढले. मग तिसऱ्याकडे गेलेला तिचा हात अर्ध्यातच थांबला.

“ताई,” ती टेबलाखालूनच म्हणाली, “मॅडम अगले साल म्हणाल्या का आता?”